मांसासाठी पैदाशीचा संगमनेरी बोकड कसा पारखावा

बाजारात बोकड घेणारा पाठीवरून हात फिरवतो, मांडी दाबतो, ओठ वर करून दात बघतो आणि भाव करतो. खाटकाला एवढं पुरतं, कारण तो समोरच्या बोकडाचंच मांस विकत घेतो. पैदाशीला बोकड नेणारा वेगळीच वस्तू विकत घेत असतो. या बोकडापासून होणाऱ्या पन्नास-साठ करडांचं वजन त्याला हवं असतं, आणि ते हात फिरवून कळत नाही. त्यासाठी काटा लागतो, वही लागते आणि त्या बोकडाच्या बरोबरीची, त्याच गोठ्यात त्याच चाऱ्यावर वाढलेली दुसरी करडं लागतात. ही बरोबरीची करडं नसतील, तर एकट्या बोकडाचं वजन कितीही भरलं तरी त्यावरून पैदास मूल्य, म्हणजे रक्तातून आलेला त्याचा सरसपणा, निघत नाही.

हे गणित मूळचं वळूंचं. जर्मनी-ऑस्ट्रियात फ्लेकफी या दुहेरी वापराच्या जातीच्या वळूंना दूध, मांस आणि आरोग्य अशा तिन्ही अंगांनी जोखून एकच निर्देशांक देतात. महाराष्ट्रात २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून गाईबरोबरच बैल, वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्यामुळे घोटी-इगतपुरीकडचा डांगी वळू मांसासाठी जोखण्याचा प्रश्नच येत नाही. तो ओढीवर, पावसात टिकण्यावर आणि दुधावर जोखायचा. नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यात दूध आणि मांस अशा दोन्हींसाठी पाळली जाते ती संगमनेरी शेळी, आणि वळूचं गणित तिच्या बोकडाला जसंच्या तसं लागू पडतं. शिवाय वळूच्या लेकी दुधावर येईपर्यंत चार-पाच वर्षं जातात, तर बोकडाच्या करडांचं वजन त्याच्या वयाच्या दीड-पावणेदोन वर्षांतच हातात येतं.

काट्यावर चढवण्याआधी बाद करायचे

काही दोष असे असतात की वजन बघायची गरजच उरत नाही. एकच अंड उतरलेला बोकड बाद. दोन्ही अंडं सारख्या आकाराची, घट्ट आणि आत हलती हवीत. मऊ, पिलपिलीत किंवा गाठी असलेली नकोत. अंडकोषाचा घेर टेपने मोजा आणि बरोबरीच्या बोकडांशी ताडून बघा. विदेशी जातींचे आकडे इथे लावू नका, आपले बोकड मुळात लहान चणीचे. खालचा जबडा पुढे आलेला किंवा मागे गेलेला असेल तर बाद, कारण तो चारा नीट तोडू शकत नाही आणि हा दोष करडांत उतरतो. मागचे पाय ढोपराजवळ एकमेकांना घासणारे, खुरांचे सांधे जमिनीला टेकणारे असतील तरी बाद. पैदाशीच्या वेळी सगळा भार मागच्या पायांवर येतो.

शिंगांचं एक वेगळं कारण आहे. बोडका, म्हणजे जन्मतःच शिंग नसलेला बोकड बोडक्या शेळीवर सोडला तर काही माद्या करडं धड नर नाही, धड मादी नाही अशी निपजतात. कळपात बोडक्या शेळ्या असतील तर शिंगांचाच बोकड ठेवा.

रक्त काढून ब्रुसेलाची तपासणी करून घ्या. हा खर्च वाचवणाऱ्याच्या कळपात गाभडणं सुरू झालं की मग कुठलंच पैदास मूल्य कामाला येत नाही.

वजन घेण्याची रीत

जन्माचं वजन २४ तासांच्या आत, ५० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर. पुढची वजनं १०० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या लटकत्या काट्यावर, करडू झोळीत घालून. दर वेळी रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणायचा. महिना, तीन महिने, सहा महिने, नऊ महिने अशी वजनं धरा. सकाळी, चारा-पाणी देण्याआधी, रात्रभर उपाशी असतानाच काटा लावा. पोटभर पाणी प्यायलेला बोकड अर्ध्या तासात दीड-दोन किलोनं जड होतो, आणि आपल्याला शोधायचा फरक बहुतेक वेळा तेवढाच असतो. तीन आणि सहा महिन्यांचं वजन लागोपाठ दोन सकाळी घेऊन सरासरी काढली तर ही चूक बरीच आटोक्यात येते.

टेपचं सूत्र अनेकांना पाठ असतं: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले १०,८००. घेर ६२ आणि लांबी ५८ असेल तर साधारण २०.६ किलो. बाजारात अंदाज बांधायला हे ठीक आहे. पण तोच घेर चुकून ६३ धरला की उत्तर २१.३ येतं. एका सेंटीमीटरच्या चुकीत ७०० ग्रॅम! पैदास मूल्याच्या हिशेबात टेप चालत नाही.

खूण पक्की हवी. कानातला बिल्ला सर्वांत सोयीचा, पण ईदेला विकायच्या बोकडाचा कान फाटला तर कुर्बानीला गिऱ्हाईक नाकारतं. अशांना गळ्यात पट्टा आणि नंबर बांधा, आणि मादी करडांना बिल्ला मारा. नंबर पुसला की त्या करडाची सहा महिन्यांची मेहनत गेली.

वहीत प्रत्येक करडासमोर एवढं हवं: नंबर, जन्मतारीख, बाप, आई, आईचं कितवं वेत, एकटं की जुळं, नर की मादी, वजनं, आणि मेलं किंवा विकलं असेल तर तारीख व कारण. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि तिथेच फसतात. चांगलं वाढलेलं करडू अडीच महिन्यांचं असताना विकलं आणि त्याचं वजन टिपलं नाही, तर त्या बापाच्या उरलेल्या करडांची सरासरी खाली येते. बाप बिचारा चांगला असून वाईट ठरतो. विकण्याच्या दिवशी वजन घेतल्याशिवाय करडू दारातून हलवायचं नाही.

सगळ्यांना एका मापात आणणं

करडं एकाच दिवशी जन्मत नाहीत, म्हणून वजन ९० दिवसांवर आणावं लागतं. आजच्या वजनातून जन्माचं वजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, ९० ने गुणा, जन्माचं वजन परत मिळवा. जन्माला २.१ किलो आणि ९८ व्या दिवशी ११.७ किलो भरलेलं करडू ९० दिवसांना १०.९ किलोचं धरायचं. करडाचं वय ७५ ते १०५ दिवसांच्या दरम्यान असेल तरच हे सूत्र वापरा. त्याबाहेर वाढीचा वेग बदललेला असतो.

मग एकट्या-जुळ्यांचा प्रश्न. एकटं करडू आईचं सगळं दूध पितं, म्हणून जड असतं, त्यात बापाचं कर्तृत्व नाही. आपल्याच कळपाच्या दोन वर्षांच्या नोंदींतून एकट्या नरांची आणि जुळ्या नरांची सरासरी काढा आणि तो फरक जुळ्यांच्या वजनात मिळवा. समजा एकटे नर ११.२ आणि जुळे नर ९.४ निघाले, तर प्रत्येक जुळ्या नराला १.८ किलो मिळवायचे. नर-मादीचा आणि पहिल्या वेताचा फरकही असाच काढायचा. दुसऱ्याच्या कळपाचे आकडे उसने घेऊ नका. सिन्नरच्या पूर्व भागातल्या चराईवरच्या कळपात हा फरक एक असतो आणि निफाडला मेथीघासावर बांधून वाढवलेल्या कळपात दुसराच.

ही दुरुस्ती न करता नुसतं दिसणं बघून बोकड निवडला की काय होतं? दर पिढीला एकट्या जन्मलेल्याची निवड होते. काही पिढ्यांनी कळपात जुळ्यांचं प्रमाण घसरतं आणि मालक पाण्याला, हवेला, डॉक्टरला दोष देतो. वरच्याच उदाहरणात जुळं देणाऱ्या शेळीने तीन महिन्यांत पावणेएकोणीस किलो करडं दिली, तर एकटं देणारीने सव्वाअकरा.

तीन किलोचे चारशे ग्रॅम

बोकडाचं वजन बरोबरीच्यांपेक्षा जास्त का भरलं? थोडं रक्तामुळे, बरंचसं आईच्या दुधामुळे, चाऱ्यामुळे, जंत कमी असल्यामुळे. शेळ्यांत वाढीच्या वजनातल्या फरकाचा साधारण पाव हिस्सा रक्ताचा धरतात, बाकीचा करडांत उतरत नाही.

समजा सहा महिन्यांना एक बोकड दुरुस्त वजनाने १८.६ किलो भरला आणि त्याच महिन्यात जन्मलेल्या, सोबत वाढलेल्या नरांची सरासरी १५.४ आहे. फरक ३.२ किलो. त्याचा पाव हिस्सा ०.८ किलो, हे त्याचं अंदाजे पैदास मूल्य. करडाला बापाकडून अर्धं रक्त मिळतं, म्हणून करडांत सरासरी ४०० ग्रॅम वाढ येईल. बाजारात तीन किलोंच्या फरकाला हजारो रुपये जास्त मोजणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. आणि ज्या बोकडाच्या सोबतीच्या नरांची वजनंच नाहीत, त्याचं पैदास मूल्य शून्य धरावं. मालक कितीही सांगो.

बरोबरीचे म्हणजे कोण? चार ते सहा आठवड्यांच्या अंतरात जन्मलेले, एकाच कळपातले, एकच चारा खाल्लेले, सगळे खच्ची न केलेले. असे किमान पाच-सहा नर सहा महिन्यांपर्यंत ठेवावे लागतात. आपल्याकडची अडचण इथेच आहे. तीन-चार महिन्यांचे उठावदार नर व्यापारी उचलतो, काहींना मालक ईदेसाठी खच्ची करतो, आणि मागे उरलेला, कुणी न घेतलेला बोकड पैदाशीला वापरला जातो. निवड तर होतेच, फक्त उलटी.

तीन महिन्यांच्या वजनात आईच्या दुधाचा वाटा मोठा असतो. बोकडाची स्वतःची वाढ बघायची तर दूध तोडल्यानंतरचे ९० दिवस धरा. दूध तोडल्यावर दोन आठवडे सवय होऊ द्या, जंताचं औषध द्या, आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी वेळच्या वेळी उरका, आणि मग पहिलं वजन घ्या. सगळ्यांना सारखा हिरवा-सुका चारा आणि दिवसाला १५० ते २५० ग्रॅम खुराक. गव्हाणीत जागा कमी पडू देऊ नका, नाहीतर दांडगा बोकड दुसऱ्याचा वाटा खातो आणि वहीत त्याची मुजोरी वाढ म्हणून नोंदली जाते. खुराकात गव्हाचा कोंडा आणि मका भरडा यांचाच भरणा केला की नरांना मुतखडा होतो. बोकड थेंब थेंब मुततो, कण्हतो, दोन दिवसांत जातो. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असं खनिज मिश्रण, थोडं मीठ आणि सतत पाणी ठेवा. द्राक्षबागेच्या छाटणीचा पाला फुकट मिळतो म्हणून चाचणीच्या बोकडांना घालू नका. त्यावर फवारलेलं औषध आणि मोरचूद पोटात जातं आणि कोणाची वाढ कशामुळे खुंटली ते कळेनासं होतं.

करडांवरून बापाची परीक्षा

स्वतःच्या वजनावरचा अंदाज कच्चा असतो. रक्ताचा वाटा पाव धरला तर पाच करडांच्या नोंदी बोकडाच्या स्वतःच्या एका वजनाइतकाच भरवसा देतात. त्यापुढे प्रत्येक करडू भरवसा वाढवत नेतं. म्हणून निवडलेल्या दोन-तीन तरण्या बोकडांना दहा-बारा महिन्यांच्या वयात प्रत्येकी दहा ते पंधरा शेळ्या देऊन परीक्षा घ्यायची.

सूत्र असं: करडांची संख्या दुप्पट करा, तिला संख्या अधिक १५ ने भागा, आणि त्याने करडांच्या सरासरी फरकाला गुणा. एका बोकडाची १२ करडं आहेत, त्यांची ९० दिवसांची दुरुस्त सरासरी १०.६ किलो, त्याच काळातल्या दुसऱ्या बोकडांच्या करडांची ९.९. फरक ०.७. बारा दुणे चोवीस, भागिले सत्तावीस, म्हणजे ०.८९. पैदास मूल्य ०.६२ किलो. दुसऱ्या बोकडाची चारच करडं आहेत, पण फरक १.२ किलोचा. आठ भागिले एकोणीस, ०.४२. पैदास मूल्य ०.५१. डोळ्याला दुसरा सरस दिसतो, हिशेबात पहिला. चार करडांत दोन दुधाळ आयांची निघाली तरी एवढा फरक सहज पडतो, म्हणून सूत्र त्याला कापतं.

पैशांतही बघता येतं. पहिल्या बोकडाच्या ०.६२ चा अर्धा ०.३१ किलो प्रत्येक करडाला. वर्षाला ६० करडं झाली तर साडेअठरा किलो. जिवंत वजनाला समजा किलोमागे ४०० रुपये मिळत असतील तर वर्षाला सुमारे ७,४०० रुपये. साध्या बोकडापेक्षा किती जास्त द्यायचे ते यावरून ठरवा.

ही परीक्षा बहुतेक वेळा शेळ्या वाटतानाच बिघडते. आवडत्या बोकडाला आवडत्या शेळ्या दिल्या की निकाल आधीच ठरला. शेळ्यांची यादी वेतानुसार लावा आणि एक याला, एक त्याला अशा आलटून पालटून वाटा. दोन बोकड एकाच कळपात मोकळे सोडले तर बाप कोण ते कोणी सांगू शकत नाही. बोकड वेगवेगळ्या कुंपणात ठेवा. छातीला गेरू आणि तेलाचा लेप लावला की कोणती शेळी भरली ते पाठीवरच्या डागावरून कळतं, तारीख वहीत टाका. शेळी साधारण २१ दिवसांनी परत माजावर येते, म्हणून गट ४२ दिवस ठेवा. नंतर दुसरा बोकड सोडायचा असेल तर मध्ये तीन आठवडे मोकळे जाऊ द्या. गाभणकाळ १५० दिवसांच्या पाच-सहा दिवस मागेपुढे होतो, एवढं अंतर असलं की बाप ओळखण्यात चूक होत नाही.

मेलेली करडं विसरू नका. एका बोकडाच्या जिवंत करडांची सरासरी चांगली, पण निम्मी पहिल्या महिन्यात गेलेली, असं होतं. म्हणून विलेल्या दर शेळीमागे तीन महिन्यांना एकूण किती किलो करडं उभी राहिली, हाही आकडा शेजारी लिहा.

मटणाचा उतारा

वजनात हाडं, आतडी, पोटातला चारा सगळंच येतं. आपल्या शेळ्यांत उपाशी वजनाच्या ४५ ते ५० टक्के मटण उतरतं. परीक्षेतल्या बोकडांचे तीन-तीन, चार-चार सारख्या वयाचे नर एकाच खाटकाकडे, रात्रभर उपाशी ठेवून द्या आणि मुंडी, पाय, कातडी, आतडी काढल्यावरचं वजन लिहून घ्या. १८ किलोच्या नरातून साडेआठ किलो आलं तर ४७ टक्के. खाटीक बदलला की सोलण्या-छाटण्याची पद्धत बदलते आणि तुलना जाते. आतड्याभोवतीची चरबीही बघा. शेळी चरबी आधी पोटात साठवते, कातडीखाली उशिरा, त्यामुळे बाहेरून गुबगुबीत दिसणाऱ्या बोकडाच्या आत दीड किलो चरबी निघू शकते. हे जमत नसेल तर जिवंतपणी कंबरेच्या मणक्यावर अंगठा दाबून दोन्ही बाजूंचा मांसाचा थर आणि मागच्या मांडीची गोलाई यांना पाचपैकी गुण द्या. गुण देणारा माणूस दर वेळी तोच हवा, आणि त्याला बाप कोण ते सांगू नका.

दुधाचा लगाम

दुहेरी जातीत मांसामागे एकतर्फी धावलं की दूध सुटतं, आणि दूध सुटलं की करडांची वाढही बसते. म्हणून बोकडाच्या आईचं आणि पुढे त्याच्या लेकींचं दूध मोजायचं. रात्री बारा तास करडं वेगळी ठेवा, सकाळी एक सड पिळून मोजा, दुसरा करडाला सोडा, आणि आकडा दुप्पट करा. दर पंधरा दिवसांनी, तीन महिने. वजनाला पहिला आलेला पण आईच्या दुधात कळपाच्या सरासरीखाली असलेला बोकड घेऊ नये, दुसऱ्या नंबरचा घ्यावा. बोअर या मांसासाठीच्या विदेशी जातीच्या संकरित बोकडाबद्दलही हेच. त्याच्या पहिल्या पिढीच्या वजनात संकराचा जोर असतो. तो जोर पुढच्या करडांत पुरता येत नाही, आणि संगमनेरीचं दूध मात्र कमी होतं.

वीस-पंचवीस शेळ्यांचा मालक

एकट्याला ही परीक्षा जमत नाही. जवळपासच्या पाच-सहा कळपांनी एकत्र यावं आणि एक सामाईक बोकड प्रत्येक कळपात चार-पाच शेळ्यांवर वापरावा. त्याची करडं सगळीकडे असली की दोन गावांतल्या चाऱ्याचा फरक त्यांच्याशी ताडून वजा करता येतो. बोकड दर दीड-दोन वर्षांनी गटातच फिरवा, नाहीतर तो स्वतःच्या लेकींवर जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळी सुधारणेचं काम चालतं, नोंद असलेला बोकड आणि वहीचा नमुना तिथे विचारावा.

वेळापत्रक आणि ईद

ऑक्टोबरात जन्मलेला बोकड जानेवारीत दूध तोडतो, एप्रिलअखेर त्याची वाढीची चाचणी संपते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दहा महिन्यांचा असताना, त्याला ४२ दिवस शेळ्यांत सोडा. पावसाने चारा हिरवा असतो, शेळ्या माजावर चांगल्या येतात. करडं जानेवारी-फेब्रुवारीत, त्यांचं ९० दिवसांचं वजन एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत. बकरी ईद दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते, २०२६ मध्ये ती मेच्या अखेरीस येते. म्हणजे दीड वर्षाचा दोन दाती बोकड मालेगावच्या बाजारात सर्वांत महाग असताना त्याच्या करडांची वजनंही तयार असतात. भरवायला महिनाभर उशीर केला, तर निकाल लागायच्या आत व्यापारी दारात उभा राहतो आणि सर्वांत देखणा बोकड जातो. वजनाच्या यादीत खालचे दोन बाजाराला लावा. वरच्याचं दावं ईद होईपर्यंत घराच्या मागच्या बाजूला बांधलेलं बरं.